रिकाम्या पाईपातली हाक

भूतबाधा, चकवा, अंगात येणं... या थोतांडाविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटली आहेत. त्यामुळे हे लिहायची मलाच लाज वाटते. तरी लिहितो.

कारंजा ते धनज रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे. कडेनं इंटरनेटसाठी आधी रिकामा पाईप पुरतात, केबल नंतर ओढतात. पुलाजवळ पुरुषभर खोल चर, भेगाळलेली काळी माती, उपसलेला ढीग काठावरच आणि आधाराला एक फळी नाही! माणसं काय फुकटची आहेत? फळ्यांच्या मागणीचं पत्रक घेऊन मी भर दुपारी तिथं गेलो.

चरात आमच्या वस्तीतले देवरावमामा पाईप जोडत होते.

"जय भीम, मामा. फळ्या नाहीत, तरी उतरले काहून?"

"जय भीम, पुढारी! नाई उतरलो तं घरी बसवतीन. मंग चूल तू पेटवशीन काय?"

पाईप मोकळा आहे का, हे बघायची त्यांची साधी रीत... एकानं त्या टोकातून हाक मारायची, दुसऱ्यानं इकडे ऐकायची. मामा म्हणाले, "आलाच हायेस तं कान लाव. तिकडून आमचा मानूस हाक मारीन."

काठावर काढलेल्या पाईपाच्या तोंडाला मी कान लावला.

"मामा, वर या! वर या!"

माझाच आवाज. घाबरलेला.

वाटलं, सुपरवायझर माझी नक्कल करतोय. तावातावानं शंभरेक पावलांवरच्या त्या टोकाशी गेलो. तिथं कोणी नव्हतं. पाईपाला टोपण घट्ट बसवलेलं. मागे वळलो तर काठावरचा ढीग सरकत होता... आणि मी ओरडलो — "मामा, वर या! वर या!"

मामा वर आले तोच चर बुजला. त्यांची एक चप्पल आत राहिली.

धापा टाकत म्हणाले, "दोनदा ओरडला ना बे तू. मी तं पयल्याच हाकेले फावडं टाकलं."

मी एकदाच ओरडलो होतो. प्रतिध्वनी म्हणावं, तर तो हाकेच्या आधी येत नाही.

चार दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. फळ्यांशिवायच! पाईप बुजवण्याआधी मी पुन्हा कान लावला. पुन्हा माझाच आवाज... "सुधाकर, वर ये!"

मी कुठल्याच सुधाकरला ओळखत नाही. तेव्हापासून प्रत्येक चराशी जाऊन नाव विचारतो. मजूर हसतात.

काल धनजजवळ एकानं खालून मान वर केली. "मी सुधाकर. काहून?"

काहून, ते मला आजही सांगता येत नाही. मी त्याला हात धरून वर ओढलं. त्यानं शिव्या घातल्या. चर ढासळला नाही.

आज तो पुन्हा उतरला आहे. मी काठावर बसून हे टाइप करतोय.