लताच्या घरचं दही

या वर्षी कोजागिरीपासून मी रोज पहाटे काकड आरतीला उभा राहिलो, पण देवाजवळ जे मागत होतो ते लिहितानाही लाज वाटते. माझा मुलगा मंगेश सूरजागडच्या बाजूला लोहखनिजाचा ट्रक चालवतो. कोजागिरीच्या तोंडावर लांब सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला धानाच्या बांधीत एकटं गाठून सांगितलं, की सोबत्यांच्या नादाने एकदा एका बाईकडे गेलो होतो, निरोध वापरला नव्हता, आणि आता लग्न ठरण्याआधी गडचिरोलीला जाऊन एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची आहे. एवढं बोलायला त्याला किती बळ लागलं असेल! मी मात्र आधी आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते पाहिलं. मग म्हणालो, तिथे गावचं कोणीतरी भेटेल, लोक पाहतील. मुलीकडचे येणार आहेत, अंगाने धडधाकट आहेस, उगाच कशाला उकरून काढतोस? त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. जेवतानाही मान वर करेना. आणि मी विठोबापुढे हात जोडून आजार टळो असं नव्हे, तपासणी टळो असं मागत राहिलो. आरतीहून परतताना मन रोज आणखी जड होई.

काकड आरतीच्या समाप्तीला आमच्याकडे काला होतो. घरोघरून लाह्या, पोहे, दही येतं, सगळं एकाच परातीत हाताने कालवतात आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतो. भजनी मंडळाचा अध्यक्ष म्हणून परातीपाशी मी बसतो. गावात लता नावाची विशीतली मुलगी आजीजवळ राहते. तिला जन्मतःच आईकडून एचआयव्हीची लागण झालेली आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. दवाखान्यातून गोळ्या आणते, त्या नेमाने घेते, आणि रोवणीला बाकी बायांच्या बरोबरीने चिखलात उभी राहते. दरवर्षी आजी दही आणायची; यंदा तिचे गुडघे धरले म्हणून लताच दह्याने भरलेला गंज घेऊन आली. परातीभोवती कुजबुज सुरू झाली. मी तिच्या हातून गंज घेतला, खांबाआड ठेवला आणि म्हणालो, दही पुरे झालं बाई. आमचे मृदंगवाले शामरावभाऊ परातीत डोकावून बोलले, "अध्यक्ष, परात तं कोरडीच दिसून राह्यली." दोघे-चौघे हसले.

लता रागावली नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काकाजी, दह्यानं नाई होत ते. संगं जेवल्यानं, हात लावल्यानं नाई होत. निरोध न वापरता संबंध आला तं होते, एकाची सुई दुसऱ्याले टोचली तं होते, रक्तातून होते, नाई तं माह्यासारखं आईपासून. मले बाजूले ठेवलं तं मी सोसन. पण हे पोट्टे पाहून राह्यले ना? उद्या यायच्यातल्या कोणाले शंका आली, तं तो तपासाले जाईन का? घरातच लपून बसन."

तिने बोट दाखवलं तिकडे पोरांच्या घोळक्यात मंगेश उभा होता, खाली बघत. तिला त्याचं काहीच माहीत नव्हतं. हा योगायोग असेलही, मी वाद घालत नाही. मला एवढंच वाटलं, की ज्याच्यापुढे महिनाभर उभा होतो त्याने उत्तर दिलं, आणि ते मला हवं होतं ते नव्हतं. मी गंज आणून परातीत रिकामा केला. कालवून झाल्यावर पहिला घास लताच्या हातून घेतला. दोन घरची माणसं न खाताच उठून गेली. शामरावभाऊ मात्र आ करून पुढे सरकले, "मले मोठा घास दे वं बाई, दात नाईत पण तोंड हाय." ती हसली. त्यांच्या मागे मंगेश येऊन उभा राहिला.

हापशीवर हात धुताना मी त्याला म्हणालो, उद्या पहिल्या गाडीनं गडचिरोलीले जाऊ. तो म्हणाला, "तुमी कायले येता बाबा? लोकं पायतीन." टोमणा नव्हता त्यात, माझेच शब्द होते. "पाहू दे," मी म्हणालो.

दवाखान्यात समुपदेशक बाईंनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. जे निघेल ते त्यालाच सांगू, म्हणाल्या. निघालं तर गोळ्यांवर माणूस नीट जगतो. नाही निघालं तरी काही काळाने पुन्हा तपासायचं आणि पुढे जपायचं. मी बाहेर बाकावर बसलो. सवयीने हात जुळले, पण ‘हे टाळ’ असं म्हणवेना. जे असेल ते कळू दे आणि पोराला एकटं पडू देऊ नकोस, एवढंच ओठांवर आलं. महिनाभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं.

निकाल त्याने मला परतीच्या एसटीत स्वतःहून सांगितला. तो इथे लिहिण्याचा हक्क मला नाही. मुलीकडच्यांशीही तोच बोलला. देवावर सोपवणं म्हणजे डोळे मिटून घेणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. हल्ली गडचिरोलीच्या गाडीत गावची तरणी पोरं दिसली, की कुठी चालले म्हणून मी विचारत नाही. सरकून बसायला जागा देतो आणि मनातल्या मनात त्यांच्यासाठी हात जोडतो.