सिस्टरबाईंचे अकरा शोधनिबंध

आपल्या शोधनिबंधाचा कुणी संदर्भ दिला की माणसं पेढे वाटतात. आमच्या सिस्टरबाई त्या माणसाला पत्र लिहायच्या, की माझा संदर्भ चुकीचा दिलात, दुरुस्त करा. ती पत्रं टाइप करण्याचं कर्म माझ्या वाट्याला आलं होतं. खामगावच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल मी, आणि धड चालणारा संगणक ग्रंथालयातलाच.

बाई आधी दवाखान्यात सिस्टर होत्या, मग शिकून शिकवायला आल्या. मुली मॅडम म्हणायच्या, बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टरबाईच राहिल्या. पर्स सांभाळत तरातरा यायच्या आणि माझ्यासमोर छापील कागद आपटायच्या. "मले आढळलं असं मी लिहलं होतं, तायडे भाऊ. हा म्हन्ते मी सिद्ध केलं! काऊन खोटं बोलते हा मानूस?"

"बाई, संदर्भ मोजणारं यंत्र चूक-बरोबर पाह्यते काय? तुमचा आकडा वाढते ना?"

"वाढते. अंगावर सूज आली की वजनही वाढते."

मी कागद ओढून टाइप करायचो. बहुतेकांची उत्तरं येत नसत. एका नियतकालिकाने मात्र तत्परतेने आभार मानले आणि सोबत निबंध छापण्याचं दरपत्रक पाठवलं. बाईंनी त्यांनाही पत्र लिहिलं.

तेव्हाच्या प्राचार्यांचं नाव कॉलेजातल्या प्रत्येक निबंधावर असायचं. कुणी काही बोलत नसे, ती रीतच होती. बाईंनी त्यांना तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही किती लेकरांचा ताप पाह्यला?" आणि त्यांच्या जागी चिखलीकडच्या एका खेड्यात घरोघरी जाऊन ताप मोजणाऱ्या आशाताईचं नाव टाकलं. पुढे महिनाभर बाईंच्या रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर तसाच पडून होता. तो सोडवायला हेलपाटे कुणी घातले? मी.

बाईंचे निबंध एकूण अकरा. त्यातला एकच खऱ्या अर्थाने गाजला. जन्मलेल्या बाळाला लगेच आंघोळ घालायची पद्धत खेडोपाडी होती. त्याने बाळाचं अंग किती गार पडतं, ते बाईंनी तपासलं होतं. चिखली, लोणार, खामगाव, तिन्ही तालुक्यांत एसटीने हिंडल्या, पर्समध्ये तीन थर्मामीटर घेऊन. त्या निबंधाचे संदर्भ कुठकुठल्या देशांतून यायचे. बाईंच्या नावावरची निम्म्याहून जास्त संदर्भ, म्हणजेच सायटेशनं, त्या एकट्याची होती.

पुढे साहेब निवृत्त झाले. प्राचार्यपदासाठी निबंध आणि सायटेशनं मोजणार होते, आणि त्या मापात बसणारं माणूस कॉलेजात एकच होतं. बाईंची फाइल मी स्वतः केली. पाठपोट तपासली, रंगीत चिठ्ठ्या लावल्या. आपलं माणूस त्या खुर्चीत बसणार म्हणून मला भारी आनंद झाला होता.

मुलाखतीला आठ दिवस उरले असताना बाई कोमट पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. मुलींना शिकवताना त्यांनी ते जुने तीन थर्मामीटर सहज एका पाण्यात बुडवले होते. माझ्यासमोर पुन्हा बुडवले. दोहोंचा आकडा जुळला, तिसऱ्याचा चांगलाच खाली. "हा लोणारकडच्या गावाइले नेला होता," बाई म्हणाल्या.

"आता बिघडला असंन तो! इतकी वर्षं पडून होता."

"तवा चांगला होता, असं तुम्ही लिहून देता काय?"

तीन दिवस त्यांनी लोणारकडची बाळं वगळून पुन्हा गणित मांडलं. निष्कर्ष लुळा पडला. मी हात जोडले. "बाई, मुलाखत होऊ द्या, मंग घ्या निबंध मागं. उशिरा आंघोळ घातल्यानं कोनतं लेकरू बिघडलं?"

"कोनतंच नाही. पन माह्या आकड्याच्या भरोशावर नको. टाइप करा."

ते पत्र मी इतक्या रागाने टाइप केलं की कळफलक तुटायचा राहिला. निबंध मागे गेला, सायटेशनं गेली, खुर्चीही गेली. ती बाईंच्याच एका विद्यार्थिनीला मिळाली. बाईंनी तिला पुष्पगुच्छ दिला. मी बाईंशी पंधरा दिवस बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण नव्या प्राचार्यांनी मला लिहायला सांगितलं. मी त्यात 'अकरा शोधनिबंध' लिहिलं, जाणूनबुजून. त्यांनी ते वाचलं, टाळ्या पडल्या, आणि सत्कारमूर्ती खुर्चीतून म्हणाल्या, "दहा. एक मी मागं घेतला." प्राचार्यबाईंनी पुन्हा "दहा" म्हटलं, आणि टाळ्या पुन्हा वाजवाव्या लागल्या.

फाटकाशी बाईंनी मला गाठलं. "तुमाले तं मोजता येते. अकरा काऊन लिहलं?"

"तेवढं तरी राहू द्यायचं होतं, बाई."

बाई म्हणाल्या, "मागं घ्यायचं पत्र तुम्हीच टाइप केलं होतं, भाऊ. एक चूक नव्हती त्याच्यात." आणि शाल बगलेत मारून एसटी स्टँडकडे निघून गेल्या.

महिन्याभराने ते भाषण वार्षिकांकात छापण्यासाठी माझ्याकडे तपासायला आलं. अकरा हा आकडा तिथेच होता. कुणी पाहणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. मी तो खोडला, दहा लिहिलं, आणि त्या दिवशी घरी जाऊन बायकोवर उगाच खेकसलो.