लेन्सला लावलेलं कुंकू

१९९८ साल. खंडेनवमीच्या सकाळी मी बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात लवकर पोचलो आणि एका कॅमेऱ्याच्या काचेला कुंकू लावलं...

आता हसू येतं. पण मी गावच्या शाळेत शिकलेला. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिला हळदकुंकू वाहायचं, हे अंगात मुरलेलं. बेंगळुरूत तर आयुधपूजेचा थाट आणखी मोठा... लेथला हार, ड्रिलला गंध, साहेबांच्या स्कूटरलाही झेंडू. टेबलावर अण्णांचा कॅमेरा दिसला, त्याला कसं वगळायचं? बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि कपाळाला लावावं तसं काचेच्या बरोबर मधोमध टेकवलं.

अण्णा म्हणजे आमच्या तपासणी विभागातले सीनियर. घराणं मराठी, पण चार पिढ्या इथेच. त्या कॅमेऱ्याच्या रशियन लेन्सवर त्यांचा फार जीव. पूजेचे फोटो काढायला म्हणून आदल्या दिवशीच त्यांनी कॅमेरा आणून ठेवला होता.

बाहेर त्यांचा आवाज आला आणि आपण काय करून बसलो ते मला उमगलं. खिशातला रुमाल काढून काच खसाखसा पुसली. लाल रंग गेला, पण कुंकवाच्या कणांनी बारीक चऱ्यांचं जाळं उमटलं... मला ते दिसलं. त्या गडबडीत अण्णांना दिसलं नाही.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा त्यांच्याकडे जेवायला गेलो. एकट्या पोराच्या पोटात घरचं काही जावं म्हणून अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दर रविवारी बोलवायच्या. अण्णा खिडकीपाशी लेन्स उजेडात धरून बसले होते.

"बघ की रे! दसऱ्याच्या साफसफाईत हिने पदराने काच पुसली! स्वल्प तरी डोकं लावायचं?"

"अहो, मी हातसुद्धा लावला नाही त्याला."

"मग काय उंदराने पुसली?"

माझ्या तोंडात चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, घास होता. तो संपेपर्यंत बोलायची वेळ निघून गेली...

अण्णांनी ती लेन्स वापरणंच सोडलं. छोटा ऑटोमॅटिक कॅमेरा घेतला. थट्टा मात्र राहिली. पाहुणे आले की ते 'हिच्या पदराचा पराक्रम' सांगायचे. अक्का आधी चिडायच्या, पुढे नुसतं "नाही हो" म्हणायच्या, नंतर तेही म्हणेनाशा झाल्या.

रिटायर होताना अण्णांनी ती लेन्स मलाच दिली. "ठेव. बिघडलेली असली तरी तू जपशील." मी ती कपाटात अगदी मागे ठेवून दिली.

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. सहस्रचंद्रदर्शन ठरलंय, हेब्बाळला मुलीच्या घरी. "त्या लेन्सने चार फोटो काढ रे. कसे का येईनात."

मग ती लेन्स बसेल अशा कॅमेऱ्याची शोधाशोध सुरू केली. कळलं की त्यासाठी नवा महागडा कॅमेरा लागतच नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे लोक आता स्वस्तात काढून टाकतात, आणि मधे एक अॅडाप्टर रिंग बसवली की त्यांवर जुनी लेन्स चालते. होसकोट्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे असा कॅमेरा मिळाला... कोपरे झिजलेले, पकडीचं रबर सुटत आलेलं. "फोकस हाताने करावा लागेल सर," तो हिंदीत म्हणाला. "आजकाल एवढा वेळ कुणाला असतो?" मी म्हटलं, मला आहे.

घरी येऊन देवघरासमोर बसलो. समईचा फोटो काढला, खिडकीतल्या कढीपत्त्याचा काढला, पंचांगाच्या पानाचा काढला. स्क्रीनवर मोठे करकरून पाहिले. पंचांगातलं बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ! चरे कुठेच नाहीत... फक्त ज्योतीभोवती किंचित धूसर वलय. काचेवरचे असले बारीक चरे फोटोत जवळपास उतरतच नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आधी खूप हलकं वाटलं. लेन्स बिघडलीच नव्हती, मग आता सांगायचं तरी काय?

दोन दिवस मी तसाच खुशीत होतो. मग अक्का आठवल्या. लेन्सचं काही गेलं नव्हतं, पण अक्कांचा शब्द त्यांच्याच घरात कुणी खरा मानला नव्हता. आणि ते माझ्यामुळे.

परवा हेब्बाळला गेलो. दिवे ओवाळून झाले, भरपूर फोटो काढले. अण्णांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि खूश झाले. "छान आलेत की! हिच्या पदरालाही पुरून उरली ही लेन्स!" सगळे हसले. सवयीने अक्काही हसल्या.

मी कॅमेरा गळ्यातून काढून खाली ठेवला.

"अण्णा, अक्कांनी नाही. मी पुसली होती. खंडेनवमीला काचेला कुंकू लावलं होतं मी."

"काचेला? कुंकू?" अण्णा बघतच राहिले. "अरे, इंजिनिअर ना तू?"

अक्का माझ्याकडे बघतही नव्हत्या. "आता बोला," त्या अण्णांना म्हणाल्या. सगळ्यांसमोर अण्णांनी हात जोडले. "सरी... तुझंच बरोबर. चुकलं माझं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू! इतके रविवार माझ्या हातचं जेवलास आणि गप्प बसलास? आज तुला होळिगे नाही."

पुरणपोळीचं ताट आलं, आणि मला खरंच वाढली नाही... ते मला फार बरं वाटलं.

देवापुढे हे मी कितीदा तरी कबूल केलं होतं. त्याने ते कधी अक्कांना कळवलं नाही. ते काम माझंच होतं. परवा केलं.