उजेडात दिसणारा प्रोजेक्टर

प्रोजेक्टर चालू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि नारायणगावचं ते दुकान आठवतं. नव्या घरात होम थिएटर करायचं म्हणून आम्ही नवरा-बायको प्रोजेक्टर बघायला गेलो होतो. बाहेर टोमॅटोच्या पिकअपची रांग, आत दुकानदाराने शटर अर्धं ओढून अंधार केलेला. भिंतीवरचं चित्र पाहून मी हरखलो. बायको हळूच म्हणाली, "अहो, मला दुपारचीच काय ती सवड असती. उजेडात दिसंल असा घ्या ना." दुकानदार म्हणाला, "वहिनी, खिडक्यांना जाड पडदे लावा की." "मंग अंगणात वाळत घातलेल्या बाजरीवर ध्यान कोण ठेवील? शेळ्या?" तो हसला. खरं सांगतो, मीही त्याच्याबरोबर हसलो आणि अंधारात चांगला दिसणाराच घेतला. उजेडात चालणारा शेजारीच मांडलेला होता. रात्री मी सिनेमा लावायचो तेव्हा ती भांडी घासत असायची, नाहीतर दमून झोपलेली. एकही सिनेमा तिने पुरता पाहिला नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात मी एकटाच असतो. तिला कुठला सिनेमा बघायचा होता, हे मी कधी विचारलंच नाही.