पाणी घ्या, मास्तर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, जिच्यापाशी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. दोन-तीनदा सुरुवात केली होती, आणि मग विषय बदलला. विषय बदलण्यात मी पटाईत आहे. तुम्हालाही ते दिसेलच. मी भरकटायला लागले की समजा, मुद्दा जवळ आलाय.

गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकाची आहे. आता व्याकरणाच्या पुस्तकात लाज वाटण्यासारखं काय असणार? मीही स्वतःला हेच विचारत आले — इतकी वर्षं.

आमची रेवा दुसरीत होती तेव्हा रोज सकाळी बूट घालताना तिच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. मग एक दिवस कळलं की वर्गात ती काहीतरी बोलली, बाईंनी सगळ्यांसमोर तिची नक्कल केली आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून ती शाळेत तोंड उघडत नव्हती. मी तिला शाळेतून काढलं, पाठोपाठ धाकट्या शौनकलाही, आणि दोघांना घरीच शिकवायला लागले. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. नवरा वाळूजच्या कंपनीतून दमून यायचा आणि एवढंच म्हणायचा, बघ बाई, तुला झेपतंय ना. मला झेपत होतं. मी घरात एकच नियम केला होता — कुणाच्या बोलण्याला कुणी हसायचं नाही. हा नियम मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे. तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलासुद्धा होता.

गारखेडा आणि सिडको या शेजारच्या दोन वस्त्या मिळून मुलांना घरी शिकवणारी आम्ही पाच घरं होतो. गणित एकीकडे, विज्ञान दुसरीकडे, चित्रकला तिसरीकडे अशी आम्ही वाटणी केली होती. मराठी माझ्याकडे होतं. मराठीचं बाकी सगळं मजेत चाललं होतं, पण व्याकरण कशातून शिकवायचं यावर आमचं दोन महिने गुऱ्हाळ चाललं. एकीचं म्हणणं, दहा वर्षांच्या आत व्याकरण शिकवूच नये, मूल आपोआप शिकतं. दुसरीचं म्हणणं, पुढे बोर्डाची परीक्षा देताना काय करणार? शेवटी ठरलं की माझ्याकडे जमायचं, पुस्तकं टेबलावर मांडायची आणि एक निवडून मोकळं व्हायचं.

टेबलावर तीन गोष्टी होत्या. पुण्याचा एक छापील संच — गुळगुळीत कागद, विभक्तीचे तक्ते, मागे उत्तरं. दुसरी, इंटरनेटवरून उतरवलेली रंगीत वर्कशीट्स. ती मुळातली इंग्रजी, वरून मराठीचं झबलं चढवलेलं. त्यात मुलांनी 'एक' हा शब्द कुठे घालायचा ते ओळखायचं होतं. 'हे एक सफरचंद आहे.' असं कोण बोलतं हो मराठीत? त्यावर आम्ही खूप हसलो. म्हणजे नियम त्या दिवशी तसाही धाब्यावर बसलेला होता.

आणि तिसरी होती एक वही. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, हातानं लिहिलेली.

वही माझ्या वडिलांनी लिहिली होती. अण्णा पिशोरला आणि आसपासच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मुलांना मी घरी शिकवते म्हटल्यावर सगळ्या खानदानात फक्त त्यांनाच आनंद झाला. काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "मराठीचं मी बघतो, सुनी." आणि लिहायला बसले. सहा महिने लिहीत होते. आई गेल्यापासून ते माझ्या भावाकडे कन्नडला राहायचे आणि दिवसभर काय करायचं हा त्यांना प्रश्नच होता. भाऊ सांगायचा, वहीपायी अण्णा जेवायला बोलावलं तरी उठत नाहीत.

ती वही तुम्ही बघायला हवी होती. तिच्यात व्याख्या नव्हत्या. प्रत्येक पानाचे दोन भाग केलेले. डावीकडे लिहिलेलं 'घरी बोलतो', उजवीकडे 'पुस्तकात लिहितो'. डावीकडे 'लई गोड', उजवीकडे 'फार गोड'. डावीकडे 'काय करू राहिला?', उजवीकडे 'काय करतो आहेस?' मुलांनी घरात, बाजारात, एसटीत कान देऊन वाक्यं गोळा करायची, डावीकडे मांडायची आणि मग बघायचं की क्रियापद कुठे बसलंय, कर्ता कोण आहे, शब्दाचं शेपूट कसं बदलतंय. अख्ख्या वहीत 'चूक' हा शब्द नव्हता. एकदाही नव्हता. अण्णांनी पाटीवर पहिलं अक्षर अलिफ गिरवलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्याची उर्दू गेली, मराठीचे नवे गुरुजी आले आणि आठ वर्षांच्या पोराच्या बोलण्यातल्या प्रत्येक 'नाय'ला आणि 'व्हय'ला हातावर छडी बसायला लागली. ते याबद्दल फारसं बोलत नसत. पण वहीत 'चूक' का नाही, हे मला न सांगताही कळत होतं.

कळत होतं — हे लक्षात ठेवा. अडाणीपणानं मी काही केलेलं नाही.

आणि डावीकडची बरीच वाक्यं माझी होती. मी लहानपणी बोललेली. तेव्हा घरात मला बेबी म्हणायचे. 'बेबी म्हणाली, अण्णा, मी बी येऊ राहिले.' 'बेबीनं मांजरीला दूध पाजलं.' चाळीस वर्षांपूर्वीचं माझं बोलणं त्यांनी शब्दाला शब्द ध्यानात ठेवलं होतं. बाप आपल्या मुलीचं आणखी काय जपून ठेवू शकतो?

आता थोडी भरकटते. कॉलेजला मी पुण्यात हॉस्टेलवर होते. पहिल्याच आठवड्यात मुली जेवायला निघाल्या आणि मी मागून ओरडले, "थांबा, मी येऊ राहिले." झालं. वर्षभर माझं नाव 'राहिले' पडलं. ए राहिले, मीठ दे. राहिले, तुझं पत्र आलंय. मी त्यांच्यासोबत हसायचे आणि खोलीत आरशासमोर 'येते आहे, येते आहे' घोकायचे. दिवाळीला गावी गेले तेव्हा माझी बोली साफ झालेली होती. अण्णांच्या ते लगेच ध्यानात आलं, पण ते काही बोलले नाहीत. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नावं ठेवलेली माणसं पुष्कळ असतात. सगळीच काही माझ्यासारखी वागत नाहीत.

तर त्या दुपारी आम्ही पाचजणी हॉलमध्ये बसलो होतो. सगळी मुलं वर गच्चीत खेळत होती. उकडत होतं म्हणून दार उघडं ठेवलेलं. मेघना नावाची आमच्यातली एक — पुण्याची, स्वभावानं मोकळी, मनात काही नाही — तिनं वही उचलली, मधलंच पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "बेबी म्हणाली, अण्णा, मी बी येऊ राहिले." आणि ती हसली. मग सगळ्या हसल्या. मी पण हसले. मेघनानं विचारलं, "हे कुणी लिहिलंय गं?"

मी म्हणाले, "गावाकडचे एक ओळखीचे मास्तर आहेत. त्यांनी दिलंय, नाही कसं म्हणणार?"

आणि दारात अण्णा उभे होते.

ते न कळवता आले होते. कन्नडहून एसटी पकडून, हातात पिशवी, पिशवीत शेतातलं आलं आणि वहीचा दुसरा भाग.

इतकी वर्षं मी स्वतःला ही गोष्ट अशीच सांगत आले. मी बोलले — आणि मग मान वर केली तर अण्णा. नशीब वाईट, दुसरं काय? बापाला नाकारलं हे खरं, पण त्याच्या पाठीमागे. तेवढं तर कुणाच्याही हातून होऊ शकतं.

तसं झालं नव्हतं.

मेघना वाचत होती तेव्हाच मला दारात टोपी दिसली होती. पायरीशी वाकून ते चपला काढत होते. आमची नजरानजर झाली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, कारण त्यांचं वाक्य कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं आणि बायका हसत होत्या. त्यांना वाटलं असणार, आवडलं. मेघनानं प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्याकडे बघत बघत मी म्हणाले, ओळखीचे मास्तर आहेत.

हेच सांगायचं होतं मला. मी आधी पाहिलं. मग बोलले.

सगळ्या वळून बघायला लागल्या. मळकट धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. त्या क्षणी ते एका शब्दात मला उघडं पाडू शकले असते. 'सुनी' म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या वहीकडे पाहिलं आणि वर्गात बोलायचे तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी पिशोरचा मास्तर. हा दुसरा भाग द्यायचा राहिलता, ताई. तुम्ही बघा सवडीनं."

तुम्ही. जन्मल्यापासून त्यांनी मला तूच म्हटलं होतं. लग्नात म्हटलं, बाळंतपणात म्हटलं, आई गेली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं. सर्वनामं शिकवण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्यानं माझ्या अब्रूसाठी तेवढं एक सर्वनाम बदललं.

अजूनही वेळ होती. एक-दोन सेकंद तरी नक्कीच होते. मी उठून "अगं, हे माझे वडील" म्हणून हसून दिलं असतं, तर सगळ्यांनी ते थट्टेवारी नेलं असतं, मेघनानं जीभ चावली असती, चहा झाला असता. मी उठले, खरंच उठले. स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यापुढे धरून म्हणाले, "पाणी घ्या, मास्तर."

ते उभ्यानंच पाणी प्यायले. तांब्या परत दिला. दोन तासांचा प्रवास करून नातवंडांसाठी आलेला माणूस — गच्चीतून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता, पण त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. कारण मास्तरांनी कशाला बघायचं? पिशवी दाराशी ठेवून ते गेले.

मी परत येऊन बसले. पाच मिनिटांत पुण्याचा संच ठरला. विरोध कुणाचाच नव्हता. मीच सगळ्यांत आधी हात वर केला.

मैत्रिणी गेल्यावर मुलं खाली आली. शौनक म्हणाला, मला वरून अण्णा दिसले, ते रस्त्यानं चालले होते, मी हाका मारल्या तर त्यांना ऐकूच आलं नाही. मी म्हणाले, दुसरे कुणीतरी असतील. तो म्हणाला, नाही, त्यांचीच टोपी होती. मी म्हणाले, टोप्या घालणारे खूप असतात, बाळा. त्याला सात वर्षं पूर्ण व्हायची होती. आई सांगते म्हणजे तसंच असणार, असं म्हणून तो हात धुवायला गेला.

अण्णांनी हाक ऐकली नव्हती? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पोचलो म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, कोणतं पुस्तक ठरलं? मी सांगितलं, पुण्याचा संच. म्हणाले, "चांगला हाय तो. विभक्ती नीट देत्यात." आवाजात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते. राग आला असता तर मला रडता आलं असतं, माफी मागता आली असती, मोकळं होता आलं असतं. ते मला तू म्हणाले, मुलांची चौकशी केली, आलं लवकर वापर, नाहीतर सुकेल, असं सांगितलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. भावानं विचारलं तर म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत. तिसऱ्या भागात काय असणार होतं ते मला कधीच कळणार नाही. रेवा आणि शौनक त्या संचावर व्याकरण शिकले, चांगले शिकले, दोघांनाही सगळ्या विभक्ती येतात. अण्णांशी बोलताना रेवा हल्ली अडखळते. त्यांचं बोलणं तिला नीट कळत नाही म्हणते.

अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. अजूनही वर्षातून एक-दोनदा भावाच्या गाडीनं येतात, पण न कळवता कधीच येत नाहीत. आधी फोन करतात आणि दर वेळी तेच विचारतात. परवाही विचारलं.

"सुनी, घरी कुणी पाव्हणं हाय का? असलं तर मागनं येतो."

मी म्हणाले, कुणी नाही अण्णा, या. ते आले, जेवले, दुपारभर माझ्यासमोर खुर्चीत बसून होते. घरात खरंच तिसरं कुणी नव्हतं. त्या दिवसाचा विषय मी काढला नाही.