लिंबाखालचं लेकरू

आज कंपनीत खड्डा खणताना ओल्या मातीचा वास आला आणि कंपनीला विकलेलं आमचं शेत आठवलं.

तेव्हा त्या शेतात कंपनीचा पाया खणताना तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी निघाली. आत तान्ह्या बाळाची काडीएवढी हाडं होती. हजारो वर्षांपूर्वी इथले लोक गेलेलं लेकरू असं घरातच पुरायचे, हे मला पुढं कळलं.

"काम थांबलं तर पोराला नोकरी न्हाई मिळायची," म्हणत वडिलांनी मडकी पायानं खड्ड्यात लोटली. "जुनं हाय, आपलं न्हाई."

"आपला तान्हा बाळू त्या लिंबाखाली पुरलाय," आई म्हणाली. "तेवढं तरी सांगा त्यास्नी."

जेसीबी लिंबाकडं वळला, तसे वडील वाटेतून बाजूला झाले.

नोकरी मला मिळाली. लिंबाच्या जागी आता पार्किंग आहे. गाडी मी रोज तिथंच लावतो.