राजपालचे चार पिवळे ठिपके

मानोऱ्यात टायरचा जन्मदाखला वाचणारा माणूस एकच, राजपाल. दिग्रस रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. टायरच्या कडेवर, बहुधा एकाच बाजूला, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपुढचा टायर दिसला की राजपाल हवा भरायला नाही म्हणतो, मग नक्षी कितीही खोल असो. रबर उभ्या उभ्यानंसुद्धा म्हातारं होतं, हे तो गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगतो आहे. गिऱ्हाइकं नीट ऐकून घेतात आणि समोरच्या दुकानात हवा भरतात. ज्या टायरबद्दल त्याची खात्री पटते, त्याच्या कडेवर तो पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका देतो. तालुक्यातले जीपवाले त्या ठिपक्याची थट्टा करतात, आणि गाडी विकताना आधी तोच दाखवतात.

मार्चमधल्या एका सकाळी बादल स्टेपनी टाकून गेला. बादल म्हणजे तांड्यावरच्या सेवादासचा मुलगा, आणि सेवादास राजपालचा जुना दोस्त. बादलनं नागपूरच्या एका डॉक्टरची फोर बाय फोर जीप घेतली होती. तिच्यातून तो शहरातल्या हौशी लोकांना पैनगंगेकडच्या जंगलवाटांवर फिरवायचा. या लोकांना पैसे मोजून खड्डे हवे असतात. आपल्याकडे ते फुकट मिळतात, हे त्यांना कोणी सांगत नाही.

"खिळा घुसला हाये, काका. येतांनी नेतो. तोवर दुसरी मांगून घेतली."

पाहुणे घ्यायला जीप गेली. तासाभरानं राजपालनं स्टेपनी आडवी टाकली. मोठ्या पांढऱ्या अक्षरांची बाजू खाली गेली, आतली वर आली. त्यानं फडक्यानं धूळ पुसली. अकरा पंधरा. दोन हजार पंधराचा अकरावा आठवडा.

जीपचे पाचही टायर एकाच वेळचे होते. उरलेल्या चारांवर पिवळा ठिपका होता.

ती गोष्ट गेल्या दसऱ्याची. झेंडूच्या माळा घातलेली जीप घेऊन बादल दारात आला, तेव्हा राजपाल पांढराशुभ्र सदरा-पायजमा घालून बायकोबरोबर, साधनाबरोबर, विहारात निघाला होता. त्यांच्या घरी तो धम्मदीक्षेचा दिवस. टायरची नक्षी नव्यासारखी, कारखान्यातून येतात ते रबराचे केसही शाबूत. डॉक्टरनं गाडी बंगल्यात झाकून ठेवण्यासाठीच घेतली असावी. बाहेरच्या बाजूला आकडे नव्हते. आतली बाजू बघायची तर जीपखाली चिखलात पाठ टेकावी लागली असती. राजपालनं एकदा सदऱ्याकडे बघितलं आणि चार ठिपके दिले.

त्यानं बादलला फोन लावला. एकदा, चारदा, नऊदा. गाडी चालवताना बादल फोन उचलत नाही. एरवी त्याच्या या शिस्तीचं राजपाल कौतुक करायचा. पोहरादेवीला माथा टेकवल्याशिवाय बादल फेरी सुरू करत नाही, ही एकच आशा होती. तिथून पुढे ऊन, तापलेलं डांबर आणि घाट.

राजपालनं दुकान उघडंच टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली.

पोहरादेवीत जीप मंदिराजवळच उभी होती. टपावर तंबू, पाण्याचे कॅन, आत पुण्याचे चार पाहुणे. बादल कपाळाला टिळा लावून चावी फिरवत होता.

"बादल, गाडी बंद कर. टायर दहा वर्षाचे हायेत."

बादल खाली उतरला, हसला आणि त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कोनाचा हाये?"

"माहाच."

"मंग?"

"आतून पाह्यलंच नाई म्या. कपडे खराब झाले असते."

"काही प्रॉब्लेम आहे का?" मागच्या चष्मेवाल्यानं विचारलं.

"काई नाई साहेब. घरचेच काका हायेत, काळजी करतेत." बादल पुन्हा स्टिअरिंगवर बसला. "काका, संध्याकाळी बोलू."

इंजिन सुरू झालं. राजपाल पुढच्या चाकासमोर उकिडवा बसला आणि खिशातल्या पान्यानं वॉल्व्हची पिन काढली. हवा फुसफुसत निघाली.

"हे काहून करून राह्यले? पाहुणे बसून हायेत ना." बादल आता हसत नव्हता.

"उतर. पाह्य फक्त."

जीप एका बाजूनं खाली बसली. टायरची कडा दुमडली, आणि जिथं दुमडली तिथं रबर उघडलं. केसासारख्या बारीक भेगा रुंदावल्या आणि आतले धागे दिसले. बादलनं वाकून भेगेत अंगठ्याचं नख घातलं. नख आत गेलं.

पाहुणे उतरून दूर उभे राहिले. एकानं फोटो काढला.

"तुमचा ठिपका पाहून बसवतो म्या लोकाईले," बादल हळू आवाजात म्हणाला. "तुमची सून, रंजीता, पोटुशी असतांनी बसली याच्यात. दोनदा."

राजपाल जीपखाली शिरला, धुळीत पाठ टेकली आणि एकेका चाकाची आतली बाजू पुसून मोठ्यानं वाचली. चारही वेळा अकरा पंधरा. मग बाहेर येऊन मोटारसायकलच्या चावीनं त्यानं पहिला ठिपका खरवडायला घेतला. पेंट चांगल्या प्रतीचा होता. निघता निघेना.

बादल जीपची चावी काढून मागच्या चाकाशी जाऊन बसला आणि तिथला ठिपका खरवडायला लागला.